सात सेकंदांची सही

‘अचूक’च्या बारशाला हळबेबाईंनी घुगऱ्या खाल्ल्या होत्या. ही गोष्ट त्या पुढे कुणाला सांगत नसत, पण खाल्ल्या होत्या, आणि आवडीनं.

यंत्राला खरं तर बारशाची गरज नव्हती. नाव कंपनीनं खोक्यावर छापूनच पाठवलं होतं. पण मिरजेच्या कृष्णाकाठ बाल रुग्णालयाच्या अध्यक्षीणबाईंना हौस दांडगी. त्यांनी ऑपरेशन थिएटरच्या दाराला तोरण बांधलं, यंत्राच्या पडद्याला कुंकू लावलं (ते काढायला नंतर पुण्याहून इंजिनिअर आला), आणि जमलेल्या डॉक्टरमंडळींना द्रोणातून घुगऱ्या वाटल्या. त्याच आठवड्यात रुग्णालयाचा पॅथॉलॉजी विभाग बंद झाला. त्याचं तेरावं मात्र कुणी घातलं नाही.

डॉ. प्रमिला हळबे त्या विभागाच्या प्रमुख होत्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पोरांच्या गाठी वाचल्या होत्या. तान्ह्या बाळाच्या यकृतात गाठ दिसली की आईबापांना एकच प्रश्न पडतो, आणि डॉक्टरांनाही तोच: ही कसली? रक्त तपासून उपयोग नसतो. मोठ्या माणसात ज्या द्रव्यावरून यकृताच्या कर्करोगाचा संशय घेतात, ते नवजात बाळाच्या रक्तात निसर्गतःच भरमसाट असतं. फोटोत सगळ्या गाठी एकमेकींच्या बहिणी दिसतात. म्हणून पूर्वी पोट उघडून तुकडा काढत. पुढे तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन भोकांतून दुर्बीण आणि चिमटा घालून काढू लागले. तो तुकडा मेणात बसवायचा, केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एक होईल इतका पातळ कापायचा, रंगवायचा आणि मग कुणीतरी शहाण्या माणसानं डोळा लावायचा. या सगळ्याला दोन दिवस लागत.

अचूकनं हे सगळं मोडीत काढलं. बाळाच्या बेंबीच्या घडीतून एक मिलिमीटर जाडीची सुई आत जाई. सुईच्या पोटात काचेचा धागा, धाग्यातून प्रकाश. गाठीला टोक टेकलं की जिवंत पेशी जागच्या जागी पडद्यावर दिसत, आणि चाळीस सेकंदांत यंत्र टक्केवारी सांगे. तुकडा नाही, टाका नाही, रक्ताचा थेंब नाही. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हळबेबाईंना गहिवरून आलं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पण कायद्याला माणसाची सही लागते. म्हणून बाईंना एक केबिन, एक पडदा आणि दोन बटणं मिळाली. ‘सहमत’ हे हिरवं, तळहाताएवढं. ‘असहमत’ हे करड्या रंगाचं, तिसऱ्या पानावर, सूचनांच्या खाली. अकरा रुग्णालयांचे दिवसाला दीडशे अहवाल येत. पहिल्या महिन्यात बाई प्रत्येक चित्र दहा मिनिटं बघत. दुसऱ्या महिन्यात त्यांना ‘विलंब’ म्हणून पत्र आलं. वर्षभरानं त्यांचा असहमती दर शून्यावर आला आणि त्याबद्दल त्यांना वर्धापनदिनी पितळी समई मिळाली.

त्यांचे तंत्रज्ञ शिवलिंग कोष्टी. मेणाच्या ठोकळ्यातून पातळ कापांची अखंड रिबीन काढावी तर त्यांनीच. ठोकळे कापायचं यंत्र, मायक्रोटोम, ते लेकरासारखं जपत. विभाग बंद झाल्यावर कोष्टींना पार्किंगमध्ये टोकन द्यायला बसवलं. मायक्रोटोमला जास्त मान मिळाला. तो लॉबीत काचेच्या कपाटात गेला, वर दिवा आणि खाली पाटी: ‘आमचा वारसा’. दसऱ्याला अख्खं रुग्णालय अचूकला झेंडूची माळ घाली, तेव्हा कोष्टी रखवालदाराकडून कपाटाची किल्ली घेऊन मायक्रोटोमला तेल घालून येत. दोन झेंडू त्यालाही वाहत.

सोमवारी अकराच्या सुमाराला कोष्टी केबिनच्या दारात उभे राहिले. छातीवर टोकनांची पिशवी तशीच होती.

त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. नऊ दिवसांची होती. आठव्या दिवशी पोट फुगलेलं दिसलं म्हणून इथं आणलं, काल सुई झाली, आज कागद हातात आला. यकृतात पाच सेंटिमीटरची गाठ, कर्करोगाची शक्यता शहाण्णव टक्के. गुरुवारपासून केमो.

हे सगळं कोष्टींनी आवाज न चढवता सांगितलं. मग कागद टेबलावर ठेवून सरळ केला.

“यंत्राचं काय मला पटलं नव्हतं मॅडम,” ते म्हणाले. “जावयाला म्हटलं, थांबा. मग खाली तुमची सही दिसली. म्हटलं, आता काय बोलायचं न्हाई. तुम्ही बघितलंच असणार.”

हळबेबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. अठ्ठावीस वर्षांत परत पाठवलेला ठोकळा या माणसानं कधी दुसऱ्यांदा वाकडा आणला नव्हता.

“हो,” त्या म्हणाल्या. “बघितलं.”

कोष्टींनी मान हलवली, हात जोडले आणि टोकनं द्यायला गेले. बाहेर एक गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

बाईंनी दार लावून अहवाल उघडला. ‘बेबी ऑफ अन्विता सुशांत हावळे.’ बारसं होईपर्यंत बाळाला नाव नसतं; तोवर ते कुणाचं तरी बेबी ऑफ असतं. अन्विता हावळे कोण, हे बाईंना माहीत असायचं काही कारण नव्हतं. कोष्टींच्या मुलीला त्या रेवती म्हणून ओळखत. परकर-पोलक्यात येऊन प्रयोगशाळेतल्या रिकाम्या बाटल्या मागणारी रेवती.

अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: वाचन काळ, सात सेकंद.

त्या दिवशी बाईंनी ते चित्र पन्नास मिनिटं बघितलं. बारीक, काळपट पेशींचे घोस होते, हे खरं. घाईच्या माणसाला त्यात कर्करोग दिसला असता. पण घोसांच्या मधे फटी होत्या, फटींना नाजूक अस्तर होतं, आणि त्या फटींतून रक्त वाहत होतं. शिकवायच्या काळात बाई मुलांना सांगत: पोटातल्या बाळाचं रक्त त्याच्या यकृतात बनतं, आणि जन्मानंतरही काही आठवडे त्या कारखान्याचं शटर पूर्ण पडलेलं नसतं. रक्त बनवणाऱ्या पेशी दिसायला गुंडांसारख्या, पण असतात पाळीवरचे कामगार. रक्तवाहिन्यांची साधी गाठ असेल तर तिच्यातही हे कामगार घोळक्यानं बसलेले सापडतात.

अचूकला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तो मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर बाईंना इतका राग आला नसता. अशा चित्रात तो बाळाचा पूर्वेतिहास बघे. गाठ जन्माआधीच्या सोनोग्राफीत असेल आणि आता लहान झाली असेल, तर ती रक्तवाहिन्यांची, आपोआप विरणारी. कर्करोग काही लाजून मागे सरत नाही. आणि जन्माआधी गाठ नसेल, तर ती नवी, वाढती, संशयास्पद. इथं पूर्वेतिहासाच्या रकान्यात लिहिलं होतं: नाही. यंत्रानं ‘माहिती नाही’ याचा अर्थ ‘गाठ नव्हती’ असा घेतला होता. सरकारी कचेरीत हा अर्थ शंभर वर्षं घेतला जातोय. यंत्रानं फक्त वेग वाढवला.

बाई पार्किंगमध्ये गेल्या. सोनोग्राफी झाली होती का, एवढंच विचारलं.

झाली होती की. तीनदा. इचलकरंजीला, सासरी. सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्याही होत्या, यकृतावर काहीतरी सावली आहे, बाळंतपणानंतर बघू. मग ते कागद कुठे आहेत? कोष्टींनी जरा ओशाळून सांगितलं ते असं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं मुलीचं नवं नाव लिहिलं, अन्विता. पण आरोग्य कार्डावर रेवती शिवलिंग कोष्टीच राहिलं आणि त्या नावावर सोनोग्राफ्या झाल्या. आठव्या महिन्यात सासरे म्हणाले, नातवंडाच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव नको, पाळणा हलायच्या आत कार्ड बदलून घ्या. घेतलं. कार्ड बदललं, नंबर बदलला.

म्हणजे संगणकाच्या लेखी रेवती कोष्टी नावाची एक बाई गरोदर होती, ती बाळंत झालीच नाही. आणि अन्विता हावळे नावाची दुसरी बाई गरोदर न राहताच बाळंत झाली. माणसं चंद्रावर खोल्या बांधायला निघाली होती, आणि इथं एका पोरीचं यकृत ताटभर तांदळांत अडकलं होतं.

इचलकरंजीच्या डॉक्टरीणबाईंनी तासाभरात सोनोग्राफी पाठवली. सातव्या महिन्यात गाठ साडेसहा सेंटिमीटर. आता पाच.

तो कागद घेऊन बाई वैद्यकीय संचालक डॉ. केदार इनामदारांकडे गेल्या. इनामदार सज्जन गृहस्थ. त्यांच्या खोलीत अचूकच्या अचूकतेचा आलेख फ्रेम करून लावला होता. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि समजावलं की हा कागद नोंदीप्रमाणे दुसऱ्याच बाईचा आहे. दोन कार्डं जोडायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद आणि एकवीस कामाचे दिवस लागतात. शिवाय सहमती दिलेला अहवाल फिरवायचा तर नियमानं ऊतक लागतं. प्रत्यक्ष तुकडा, मेणात बसवलेला, कापलेला, रंगवलेला. ही तरतूद घालावी असा आग्रह कायदा होताना पॅथॉलॉजिस्ट मंडळींनीच धरला होता, हे त्यांनी हसून आठवण करून दिलं.

“आणि तो कापायचा कशानं?” बाईंनी विचारलं. “विभाग तुम्ही बंद केलात.”

“तीच तर अडचण आहे ना मॅडम. आणि तुमचा असहमती दर शून्य आहे. उगाच भावनेच्या भरात तो खराब कशाला करता?”

“इनामदार,” बाई म्हणाल्या, “ती समई मी उद्या परत आणून देते. तुमच्या आलेखाखाली ठेवा. मेलेल्यापुढे दिवा लावतात.”

चहा तसाच राहिला.

बालशल्यचिकित्सक डॉ. रेहाना मुजावर जेमतेम पस्तिशीच्या होत्या. अचूक आल्यापासून त्यांचं काम सुई टेकवण्यापुरतं उरलं होतं. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघितली आणि एक सणसणीत शिवी घातली, जी मिरजेत सगळ्या धर्मांना सारखीच लागते.

“मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण गाठ रक्तवाहिन्यांची असेल तर तुकडा काढताना रक्त सुटणार,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आपण बरोबर असलो तर पोरीला धोका, आणि चुकलो तर ती टेबलावर सुरक्षित. जी तपासणी हिला करूच नये, ती यंत्राचं समाधान व्हावं म्हणून करायची.”

“आणि नाही केली तर?”

“गुरुवारी केमो. हिचं वजन अडीच किलो.” मुजावरबाईंनी दोन्ही चित्रं गोळा केली. “आईला सगळं सांगते. लपवून काही करणार नाही.”

रेवतीला सगळं सांगितलं. सासरे म्हणाले, शहाण्णव टक्के म्हणजे काय थोडे झाले? टोकन देणाऱ्याच्या शब्दावर कुणी पोर कापतं का? रेवती खाटेवर उठून बसली. तिनं संमतीचा कागद मागितला आणि त्यावर आधी अन्विता हावळे म्हणून सही केली, खाली रेवती कोष्टी म्हणून. एकीचं तरी ऐकतील, म्हणाली.

मंगळवारी सकाळी ऑपरेशन झालं. बेंबीतून दुर्बीण, बाजूच्या दोन भोकांतून चिमटा आणि रक्त थांबवायची तार. हळबेबाई भिंतीला टेकून उभ्या. पडद्यावर यकृताच्या कडेला जांभळट गाठ, करवंदासारखी. मुजावरबाईंनी एकदाच चिमटा मिटला.

रक्त आलं. पडदा लाल झाला आणि काहीच दिसेना.

मुजावरबाई भूलतज्ज्ञांशी दोन शब्द बोलल्या आणि पुन्हा आत गेल्या. घड्याळाप्रमाणे सव्वाचार मिनिटं लागली. हळबेबाईंनी ती मोजली. आपण बरोबर आहोत हे त्यांना पहिल्याच सेकंदाला कळलं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण चुकलो असतो तर बरं झालं असतं. मग पडदा हळूहळू स्वच्छ झाला. बाळाला रक्ताची एक छोटी पिशवी द्यावी लागली. बशीत ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा होता.

फॉर्मॅलिन, मेण आणि रंग गुरांच्या दवाखान्यातून आले. म्हशींना अजून अचूक लागू झाला नव्हता, त्यामुळे तिथं जुनी विद्या टिकून होती. सूक्ष्मदर्शक बाईंचा स्वतःचा, माळ्यावरून काढलेला. उरला मायक्रोटोम. कोष्टींनी भर दुपारी लॉबीतलं काचेचं कपाट उघडलं आणि ते धूड उचलून छातीशी धरलं. स्वागतकक्षातली मुलगी धावत आली, कुणाच्या परवानगीनं नेताय विचारू लागली.

“पाटी वाच की बाई,” कोष्टी म्हणाले. “आमचा वारसा.”

जुन्या प्रयोगशाळेत आता जाहिरातींचे फलक ठेवत. त्यातला एक, ‘तुमचं बाळ, आमचा शब्द’, आडवा करून त्यावर त्यांनी यंत्र मांडलं. तुकडा मेणात मुरायला एक रात्र गेली. बुधवारी सकाळी कोष्टींनी पातं लावलं, चाक फिरवलं. दसऱ्याचं तेल कामी आलं. चाक लोण्यासारखं फिरलं. नातीच्या यकृताची रिबीन पात्यावरून निघू लागली, अखंड, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्यांनी ती कोमट पाण्यावर तरंगवली आणि काचेवर उचलली. रंग चढवून काच बाईंच्या हातात दिली आणि मगच ते फलकाच्या कडेला बसले. मग मात्र दोन्ही हात मांडीखाली घालून बसावं लागलं.

बाईंनी डोळा लावला. एकही कोपरा न सोडता सगळी काच दोनदा फिरवून बघितली. रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि त्यात बसलेले कामगार. बस्स.

“कर्करोग नाही कोष्टी,” त्या म्हणाल्या. “रक्तवाहिन्यांची गाठ आहे. विरत चाललीय. केमो नाही. रोज तोंडानं औषधाचे थेंब द्यायचे, आणि नजर ठेवायची.”

कोष्टी उठले, त्यांनी काच कापडात गुंडाळली आणि खिशात ठेवली.

बाईंनी तिसऱ्या पानावरचं करडं बटण दाबलं. यंत्रानं कारण विचारलं, ते दोनशे अक्षरांत बसवायला लावलं, आणि मग पडद्यावर हसरा चेहरा आला: ‘धन्यवाद. आपल्या सहकार्यामुळे अचूक आता अधिक अचूक झाला आहे.’ दुपारी इनामदारांचं पत्रही आलं. वारसा-वस्तू विनापरवानगी हलवल्याबद्दल खुलासा मागितला होता. बाळाबद्दल पत्रात काही नव्हतं.

बारसं रुग्णालयाच्या वॉर्डातच झालं, पाळण्याच्या जागी पांढरी खाट. नाव कस्तुरी ठेवलं. रखवालदारापासून मुजावरबाईंपर्यंत सगळ्यांना घुगऱ्या मिळाल्या. हळबेबाईंना मिळाल्या नाहीत. त्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कोष्टी केबिनमध्ये आले. हातात स्टीलचा डबा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, पण झाकण उघडलं नाही.

“मॅडम, त्या दिवशी मी विचारलं, तर तुम्ही बघितलं म्हणालात.”

“नव्हतं बघितलं,” बाई म्हणाल्या. “सात सेकंदांत सही केली होती.”

“मला कळलं ते. पन्नास मिनिटांनी तुम्ही पार्किंगमध्ये आलात तेव्हाच कळलं.” कोष्टींचा आवाज तेवढाच होता, पण डोळे लाल होते. “अठ्ठावीस वर्षं मी तुम्हाला कापून दिलं. एक ठोकळा वाकडा गेला तर तुम्ही परत पाठवायचात. तवा राग यायचा. आता कळतंय, ती माझी इज्जत होती. तुम्ही तिचं काय केलं?”

बाईंजवळ विलंबाचं पत्र होतं, दीडशे अहवाल होते, समई होती. यातलं काही त्या बोलल्या नाहीत.

“माझी नात होती म्हणून मी आत आलो,” कोष्टी म्हणाले. “मला दार माहीत होतं. बाकीच्यांचं काय? डबा तुमच्यासाठीच आणलाय. पण आधी यादी काढा.”

यादी काढायला तीन मिनिटं लागली. तीस दिवसांच्या आतलं बाळ, पूर्वेतिहासाच्या रकान्यात ‘नाही’, निर्णय नव्वद टक्क्यांच्या वर. दोन वर्षांत एकोणीस. एकोणीस ठिकाणी सही प्रमिला हळबे यांची. वाचन काळ: सहा सेकंद, आठ, सात, पाच, सात. यातल्या काहींना खरोखरच कर्करोग असेल. किती जणांना, ते सांगायला कुणाचाही तुकडा कुठेही ठेवलेला नव्हता.

नावाच्या रकान्यात सोळा ठिकाणी बारशानंतरची नावं भरली होती. तीन ठिकाणी अजून बेबी ऑफ एवढंच होतं. ती नावं भरायला कुणी परत आलंच नव्हतं.

पडद्यावर नवे अहवाल येऊन साचत होते. ‘आपला निर्णय प्रलंबित आहे’ अशी पट्टी लुकलुकत होती. बाईंनी पडद्यावर आपली शाल टाकली. त्या तिघांतल्या पहिल्या नावापुढचा फोन नंबर त्यांनी फिरवला. कोष्टींनी खुर्ची ओढली आणि समोर बसले. सोबतीला की पहाऱ्याला, ते त्यांनी सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं पलीकडून एका बाईचा आवाज आला. कोण बोलतंय, तिनं विचारलं.

हळबेबाईंनी नाव सांगितलं. डॉक्टर प्रमिला अनंत हळबे, माहेरची प्रमिला वामन घैसास. दोन्ही नावं सावकाश सांगितली आणि लिहून घ्यायला लावली. तक्रार करायला जाल तेव्हा, त्या म्हणाल्या, मी कुठल्या नावावर आहे हे शोधत बसायला नको.